नियम कुणासाठी थांबला?

५ डिसेंबर २०२५ या एका दिवसात इंडिगोची हजाराहून जास्त उड्डाणं रद्द झाली. लोहगाव, नागपूर, मोपा, मुंबई, जिकडे पाहावं तिकडे बॅगांचे ढीग आणि त्या ढिगांत आपली बॅग हुडकणारी माणसं. रेल्वेने घाईघाईने ३७ गाड्यांना ११६ जादा डबे जोडले. ३ ते ५ डिसेंबर या तीन दिवसांत अडीच हजार उड्डाणं रद्द झाली, अठराशेच्या वर उशिरा सुटली आणि तीन लाखांहून अधिक प्रवासी अडकले, अशी नोंद पुढे सरकारी चौकशीतच झाली.

त्याच ५ तारखेला दिल्लीत एक आदेश निघाला. गर्दीच्या फोटोंमध्ये तो हरवून गेला, पण माझ्या मते त्या आठवड्यातली सगळ्यात गंभीर गोष्ट तीच होती. वैमानिकांच्या रात्रपाळीवर महिनाभरापूर्वीच लागू झालेली बंधनं नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, एका कंपनीपुरती १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत उठवली. साप्ताहिक सुट्टीच्या जागी वैमानिकाची रजा धरायची नाही, असं एक कलम होतं. ते तर सगळ्याच कंपन्यांसाठी मागे घेतलं. नियमाची तयारी जिने केली नव्हती तिला नियमातून मोकळीक मिळाली, आणि बाकीच्या कंपन्यांची विमानं त्याच रात्रपाळीच्या नियमात उडत राहिली.

हे का झालं याचं उत्तर एका आकड्यात आहे. देशांतर्गत प्रवास करणाऱ्या दर शंभरातले पासष्टच्या आसपास प्रवासी या एका कंपनीच्या विमानात बसतात. ती थांबली की देश थांबतो. त्यामुळे ती थांबायची वेळ आली तेव्हा नियमाला थांबावं लागलं.

नियम काय होता ते आधी नीट पाहू, कारण त्या दिवसांत वाहिन्यांवर 'नवे कडक नियम' एवढंच ऐकू येत होतं, जणू कुणीतरी उगाच कागदी अडथळा उभा केला होता. वैमानिकाला आठवड्यातून सलग ३६ तास विश्रांती मिळायची, ती ४८ तास झाली. रात्र म्हणजे मध्यरात्र ते पहाटे पाच असं धरलं जायचं, ते पहाटे सहापर्यंत झालं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, रात्रीच्या ड्युटीत पूर्वी सहापर्यंत लँडिंग करता यायची, ती दोनवर आली. नियमाचा गाभा एवढाच. रात्री जागणाऱ्या माणसाने दोनदा विमान उतरवलं की पुरे.

रात्रपाळी केलेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागणार नाही. पहाटे दोन ते सहा या वेळात शरीर झोप मागतं, आणि ते पगार, पद किंवा गणवेश पाहून मागत नाही. कापडगिरणीतल्या तिसऱ्या पाळीच्या कामगाराला हे ठाऊक होतं, रातराणी चालवणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरला ठाऊक आहे, अतिदक्षता विभागातल्या नर्सला ठाऊक आहे. आमच्या शेजारचा मुलगा वैमानिक आहे. कोणत्या कंपनीत, ते सांगण्याचं कारण नाही. त्याच्या दारावर आठवड्यातून दोन-तीनदा त्याची आई हाताने लिहिलेली चिठ्ठी लावते, 'दुपारी बेल वाजवू नये'. एकदा जिन्यात भेटला तेव्हा मी सहज विचारलं, झोप होते का रे? म्हणाला, "काकू, झोपतो तर आठ तास, पण उन्हातली झोप उसनी असते." तिशीतला मुलगा. त्याच्या डोळ्यांखाली जे दिसतं ते पाहून मला त्याची काळजी वाटते, आणि खरं सांगायचं तर त्याच्या पाठीमागे बसणाऱ्या दीडदोनशे लोकांचीही.

काळजीला आधार आहे. २२ मे २०१० रोजी पहाटे दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्सप्रेसचं विमान मंगळुरूच्या डोंगरमाथ्यावरच्या धावपट्टीवरून पुढे घसरत दरीत कोसळलं. १६६ पैकी १५८ माणसं गेली. चौकशीचं काम हवाई दलाचे निवृत्त उपप्रमुख एअर मार्शल भूषण गोखले यांच्याकडे होतं. कॉकपिटमधल्या ध्वनिमुद्रणावरून निष्कर्ष निघाला की सुमारे दोन तासांच्या त्या मुद्रणात कॅप्टन एक तास चाळीस मिनिटं झोपलेले होते. उतरण्याच्या सुमारास ते जागे झाले, पण झोपेची गुंगी पूर्ण उतरली नव्हती. विमान फार उंचावरून येतंय, पुन्हा वर घ्या, असं सहवैमानिक सांगत होता. विमान वर घेतलं गेलं नाही. त्या माणसाला दोष देऊन मोकळं होणं सोपं आहे. पण त्या अहवालातून कळतं ते असं, की थकवा ही माणसाच्या इच्छाशक्तीने पेलायची गोष्ट नाही, ती वेळापत्रक बनवणाऱ्याने आधीच मोजायची गोष्ट आहे. नवा नियम हेच मोजत होता.

आणि तो अचानक आला नव्हता. जानेवारी २०२४ मध्ये तो जाहीर झाला. जून २०२४ पासून लागू व्हायचा होता. विमान कंपन्यांनी विरोध केला, तारीख पुढे गेली. वैमानिकांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात लढत राहिल्या, तेव्हा कुठे दोन टप्पे ठरले: १ जुलै आणि १ नोव्हेंबर २०२५. जाहीर झाल्यापासून शेवटच्या टप्प्यापर्यंत जवळपास बावीस महिने मिळाले. सहवैमानिकाला कॅप्टन करायला वेळ लागतो, हे मान्य. पण बावीस महिने हा काही थोडाथोडका काळ नाही, विशेषतः जिने जून २०२३ मध्ये एका झटक्यात पाचशे विमानांची मागणी नोंदवली त्या कंपनीसाठी. विमानं किती लागतील याचा दहा वर्षांचा हिशेब ज्यांना मांडता येतो, त्यांना वैमानिक किती लागतील याचा दोन वर्षांचा हिशेब मांडता येत नाही, हे मला पटत नाही.

त्या दिवसांत समोर आलेले आकडे असे: कंपनीला गरज होती २,४२२ कॅप्टनची, हाताशी होते २,३५७. म्हणजे फरक ६५. अडीच हजारांत पासष्ट. कोणत्याही गृहिणीला विचारा, पंचवीस पानांच्या पंगतीला ती सत्तावीस माणसांचा स्वयंपाक करते. इथे पंचवीस पानांना चोवीस माणसांचं अन्न शिजवलं होतं, आणि एखादं विमान धुक्यात अडकलं, एखादा कॅप्टन आजारी पडला की पुढची सगळी साखळी तुटणार हे उघड होतं. हाताशी जादा माणूस ठेवणं म्हणजे खर्च. तो खर्च वाचवून तिकीट स्वस्त होतं, नफा वाढतो, शेअर वर जातो. जोवर सगळं सुरळीत असतं तोवर याला कार्यक्षमता म्हणतात.

पण कंपनीपेक्षा मला जास्त प्रश्न पडतो तो परवानगी देणाऱ्यांबद्दल. विमानांचं वेळापत्रक कंपनी स्वतःच्या मनाने लावत नाही. हिवाळी आणि उन्हाळी अशी दोन वेळापत्रकं असतात आणि दोन्हींना डीजीसीएची मंजुरी लागते. ज्या हिवाळ्यात वैमानिकांची विश्रांती वाढणार हे दोन वर्षं ठरलेलं होतं, त्याच हिवाळ्यासाठी इंडिगोला आठवड्याला १५,०१४ उड्डाणं मंजूर झाली. आदल्या हिवाळ्यापेक्षा साडेनऊ टक्क्यांहून जास्त. पुढे डीजीसीएने स्वतःच नोटिशीत लिहिलं, की ४०३ विमानांच्या हिशेबाने वाढ मागितली आणि प्रत्यक्षात ऑक्टोबरमध्ये चालली ३३९. मग मंजुरी देताना कुणी विचारलं नाही का, की बाबांनो, विमानं इतकी, उड्डाणं इतकी, तर त्यात बसणारे कॅप्टन किती? शाळेतल्या गणिताच्या तासाला पाचवीतलं पोर विचारेल असा हा प्रश्न. संसदेच्या स्थायी समितीने ऑगस्ट २०२५ मध्येच दाखवून दिलं होतं की डीजीसीएची तांत्रिक पदं जवळपास निम्मी रिकामी आहेत. विचारणारा माणूसच खुर्चीत नसेल तर प्रश्न विचारला जाणार कसा?

आता उलटी कल्पना करून पाहा. सांगलीत एखाद्याच्या तीन ट्रॅव्हल्स आहेत. ड्रायव्हर कमी पडले म्हणून त्याने आरटीओला अर्ज केला, की माझ्या गाड्यांना दोन महिने विश्रांतीच्या नियमातून सूट द्या, प्रवाशांचे हाल होताहेत. त्याला सूट मिळेल? परवाना जाईल आणि जायलाच हवा. त्या मालकाच्या आणि इंडिगोच्या अर्जात फरक एवढाच की एकाच्या तीन गाड्या आहेत आणि दुसऱ्याची रोजची बावीसशे उड्डाणं. आकार हाच इथे मोठा युक्तिवाद ठरला. सरकारातल्या माणसांना मी दुष्ट मानत नाही. नागरी उड्डाण राज्यमंत्री आमच्या पुण्याचेच खासदार आहेत, आणि त्या आठवड्यात लोहगावला अडकलेल्यांतले कितीतरी त्यांचेच मतदार होते. लाखो माणसं जमिनीवर अडकलेली असताना कोणत्याही सरकारने तेच केलं असतं, हे मी मान्य करते. माझं म्हणणं असं आहे, की सरकारवर ती वेळ यावी अशी बाजाराची रचना आपण होऊ दिली, आणि ती रचना आजही तशीच उभी आहे.

ती झाली कशी, हे थोडक्यात सांगायला हवं, कारण यात एकट्या इंडिगोचा दोष काढणं अन्यायाचं होईल. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूच्या मैदानात उतरले, तिथून आपली नागरी विमानसेवा सुरू झाली. १९५३ मध्ये राष्ट्रीयीकरण झालं आणि चार दशकं आकाश सरकारी राहिलं. १९९४ मध्ये तो कायदा रद्द झाला. मग ईस्ट-वेस्ट, दमानिया, जेट, किंगफिशर, गो अशी रांग लागली. यांचा कारभार मुंबईतूनच चालायचा, आणि त्या बंद पडल्या तेव्हा पगार थकलेली घरंही बहुतेक अंधेरी, वसई, डोंबिवली, पनवेलचीच होती. किंगफिशर ऑक्टोबर २०१२ मध्ये थांबली. एका वर्षीही नफा न कमावता तिने बँकांचे हजारो कोटी बुडवले. जेटचं शेवटचं विमान १७ एप्रिल २०१९ च्या रात्री अमृतसरहून मुंबईसाठी सुटलं. मे २०२३ मध्ये गो फर्स्टने स्वतःच दिवाळखोरीचा अर्ज केला. इंजिन बनवणाऱ्या कंपनीकडे बोट दाखवलं, पण विमानं पुन्हा उडाली नाहीत.

या सगळ्या काळात इंडिगो मुख्यतः एकाच जातीची विमानं घेत राहिली, ती पटापट परतवत राहिली, वेळ पाळत राहिली. ज्या कुटुंबांनी आयुष्यात पहिल्यांदा विमान पाहिलं ते ढगांखालून नव्हे, खिडकीतून, त्यातली बहुतेक याच कंपनीच्या तिकिटावर बसली होती. माझ्या आईला मी पासष्टाव्या वर्षी विमानात बसवू शकले, तेही अशाच स्वस्त तिकिटामुळे. हे श्रेय काढून घ्यायचं कारण नाही. पण प्रत्येक वेळी एक कंपनी पडली की तिच्या विमानतळावरच्या वेळा, ज्यांना स्लॉट म्हणतात, रिकाम्या झाल्या आणि त्यांतला मोठा वाटा ज्याच्याकडे विमानं तयार होती त्याच्याकडे गेला. नोव्हेंबर २०२४ मध्ये विस्तारा एअर इंडियात विलीन झाली. आज इंडिगो आणि एअर इंडिया समूह मिळून दहातले नऊ प्रवासी नेतात. तीस वर्षांपूर्वी आपण सरकारी मक्तेदारीतून सुटलो आणि आता खासगी मक्तेदारीच्या दारात आलो आहोत. जुन्या मक्तेदारीला निदान संसदेत प्रश्न विचारता येत होते.

म्हणून पुन्हा सरकारी कंपनी हवी, असं मी म्हणणार नाही. जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया टाटांकडे गेली तेव्हा तिच्यावर ६१ हजार कोटींच्या वर कर्ज होतं, त्यातलं १५,३०० कोटी टाटांनी उचललं आणि ४६ हजार कोटींहून अधिक सरकारकडे, म्हणजे तुमच्या-माझ्याकडे राहिलं. जो कधी विमानतळाच्या आवारातही गेला नाही त्या मेंढपाळाच्या काडेपेटीवरच्या करातूनही ते फिटणार आहे. तो मार्ग आपण चालून पाहिला आहे.

मग दंडाने वचक बसेल का? जानेवारी २०२६ मध्ये डीजीसीएने या गोंधळासाठी २२ कोटी २० लाखांचा दंड केला आणि ५० कोटींची बँक हमी मागितली. कंपनीचा २०२४-२५ चा नफा ७,२५८ कोटी होता. भागाकार करून पाहा, दिवसाला जवळपास वीस कोटी. तीन लाख माणसांचे हाल झाले, त्याची किंमत सव्वा दिवसाच्या नफ्याहून कमी. अमेरिकेत डिसेंबर २०२२ मध्ये साउथवेस्ट या कंपनीची अशीच दैना झाली, जवळपास सतरा हजार उड्डाणं रद्द झाली. वर्षभराने तिथल्या वाहतूक खात्याने १४ कोटी डॉलरचा दंड ठोठावला. त्या वर्षीच्या तिच्या नफ्याचा हा चौथा हिस्सा होता. त्यातले साडेतीन कोटी डॉलर रोख सरकारजमा झाले आणि मोठा भाग पुढे अडकणाऱ्या प्रवाशांच्या भरपाईसाठी राखला गेला. दंड असा असला तर तो संचालक मंडळाच्या बैठकीत विषय होतो. आपला दंड लेखा विभागातली एक नोंद होऊन जातो.

प्रवाशाच्या भरपाईची गोष्ट तर आणखी लाजिरवाणी आहे. आपल्या नियमात कंपनीच्या चुकीने उड्डाण रद्द झालं तर प्रवासाच्या वेळेनुसार पाच, साडेसात किंवा दहा हजार रुपये मिळण्याची तरतूद आहे, पण पुढे चार शब्द आहेत: किंवा मूळ भाडं, 'जे कमी असेल ते'. समजा पुण्याहून नागपूरचं मूळ भाडं तीन हजार होतं. ऐनवेळी विमान रद्द झालं, दुसऱ्या कंपनीचं तिकीट वीस हजारांना पडलं, तर भरपाई तीन हजारांचीच. युरोपात २००५ पासून अंतरानुसार २५० ते ६०० युरो मिळतात, तिकीट कितीला काढलं होतं याचा संबंध नाही. स्वतःच्या कर्मचाऱ्यांचा संप ही कंपनीच्या हाताबाहेरची परिस्थिती मानता येत नाही, असंही तिथल्या न्यायालयाने ठरवलं आहे. आपल्याकडे डिसेंबरमध्ये फार हाल झालेल्यांना दहा हजारांची कुपनं देण्यात आली. ती त्याच कंपनीच्या तिकिटासाठी आणि वर्षभरात वापरायची. ज्याच्याकडून फसलो त्याच्याकडेच पुन्हा जायला लावणारी ही भरपाई आहे. आपल्याकडचे ते चार शब्द खोडायला संसदेचं अधिवेशन लागत नाही, डीजीसीएचं एक पत्रक पुरेसं आहे.

भाड्यांवर ६ डिसेंबरला सरकारने मर्यादा घातली: पाचशे किलोमीटरपर्यंत साडेसात हजार, हजारपर्यंत बारा हजार, पुढे पंधरा आणि अठरा. ती योग्य होती, फक्त उशिरा आली. बाकीच्या कंपन्यांची भाडी त्याआधीच कुठच्या कुठे गेली होती. महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. गणपतीत आणि दिवाळीत खासगी ट्रॅव्हल्स भाडी चौपट करतात म्हणून २०१८ मध्ये राज्य सरकारने ठरवून दिलं, की एसटीच्या भाड्याच्या दीडपटीहून जास्त घ्यायचं नाही. त्याची अंमलबजावणी दरवर्षी लंगडते, पण त्यातला विचार पक्का आहे. त्या नियमाला मापदंड म्हणून एसटीचं भाडं उपलब्ध आहे, कारण एसटी अजून रस्त्यावर आहे. आकाशात तशी एसटी उरलेली नाही. म्हणून तिथे मर्यादा आधीच लिहून ठेवायला हवी: एखाद्या मार्गावरच्या इतक्या टक्के जागा अचानक कमी झाल्या की भाड्याची कमाल मर्यादा आपोआप लागू. मंत्र्यांनी जागं होऊन आदेश काढेपर्यंत थांबायचं नाही. कोविडच्या काळात मे २०२० ते ऑगस्ट २०२२ असे सव्वादोन वर्षं आपण भाड्यांचे पट्टे चालवले आहेत, म्हणजे यंत्रणा आहे.

तरीही मर्यादा घातल्याने नवी आसनं तयार होत नाहीत. त्यासाठी दुसऱ्या कंपन्या जगायला हव्यात, आणि इथे मुंबईचा प्रश्न येतो. मुंबई विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, एका वेळी एकच वापरता येते. तिथे नव्या कंपनीला सकाळची सोयीची वेळ मिळणं जवळपास अशक्य होतं. कोल्हापूरच्या घोडावत समूहाची स्टार एअर, गोव्याची फ्लाय९१ या छोट्या कंपन्या नांदेड, जळगाव, सोलापूर, सिंधुदुर्ग यांसारख्या गावांना जोडतात. पण खेड्यातून तालुक्याला आलेल्या माणसाला पुढे जिल्ह्याची एसटी मिळाली नाही तर त्या फेरीचा उपयोग काय? छोट्या शहरांना स्वस्त विमानसेवेने जोडायच्या केंद्राच्या 'उडान' योजनेचं असंच झालं. कॅगने २०२३ मध्ये दाखवलं की तिसऱ्या टप्प्यापर्यंतच्या ७७४ मार्गांपैकी ४०३ सुरूच झाले नाहीत, आणि सवलतीचा काळ संपल्यावर टिकले फक्त ५४. सोलापुरात विमानतळासाठी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली. कारखान्याच्या शेतकऱ्यांनी ती वाचवण्यासाठी किती आंदोलन केलं होतं ते सोलापूरकर विसरलेले नाहीत. त्याच्या बदल्यात त्या शहराला कायम चालणारी सेवा मिळायला हवी, उद्घाटनाचा फोटो नव्हे.

२५ डिसेंबर २०२५ ला नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला. पहिल्या टप्प्यात वर्षाला दोन कोटी प्रवाशांची सोय आहे. ज्यांच्या गावांवर तो उभा आहे, त्या उलवे-पनवेल पट्ट्यातल्या लोकांनी जमीन दिली आहे. म्हणून तिथल्या वेळा ही सार्वजनिक संपत्ती आहे, असं मी मानते. तिथल्या सकाळ-संध्याकाळच्या वेळांतला ठरावीक हिस्सा पन्नास विमानांपेक्षा लहान कंपन्यांसाठी आणि महाराष्ट्रातल्या छोट्या गावांच्या उड्डाणांसाठी राखून ठेवायला हवा, आणि तो आत्ताच ठेवायला हवा. एकदा मोठ्यांनी वेळा घेतल्या की 'आम्ही इथे आधीपासून आहोत' हा हक्क तयार होतो आणि मग तो कुणाच्याच हातून सुटत नाही.

जाता जाता आणखी एक. मुंबईत आता दोन विमानतळ झाले, पण दोन्ही चालवणारा समूह एकच, अदानी. २०१९ मध्ये सहा विमानतळ खासगी हाती देताना अर्थ मंत्रालयाच्या एका विभागाने सुचवलं होतं की एका कंपनीला दोनपेक्षा जास्त देऊ नयेत. ती सूचना मानली गेली नाही. लंडनचे तीन मोठे विमानतळ एकेकाळी असेच एका कंपनीकडे होते. २००९ मध्ये ब्रिटनच्या स्पर्धा आयोगाने तिला गॅटविक आणि स्टॅनस्टेड विकायला लावले, एकाच शहराचे विमानतळ एकमेकांशी स्पर्धा करतील म्हणून. ब्रिटन हा काही उद्योगांचा द्वेष करणारा देश नाही.

आणि वैमानिकांसाठी एक गोष्ट मला फार खटकते. २०१७ पासून कॅप्टनला नोकरी सोडायची तर एक वर्षाची आणि सहवैमानिकाला सहा महिन्यांची नोटीस द्यावी लागते. प्रवाशांचे हाल होऊ नयेत, असं कारण दिलं गेलं. म्हणजे वैमानिकाने वर्षभर आधी सांगायचं, आणि कंपनीला बावीस महिने आधी सांगूनही ती तयार नसेल तर तिला सूट. शेजारच्या त्या मुलाला मी हे सांगितलं तेव्हा तो काही बोलला नाही. त्याला माहीत होतंच.

माझी मागणी एकाच ओळीची आहे. दरवर्षी मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी नवं वेळापत्रक लागू होतं. त्याच्या महिनाभर आधी डीजीसीएने आपल्या संकेतस्थळावर प्रत्येक कंपनीचे तीन आकडे शेजारी शेजारी छापावेत: मागितलेली उड्डाणं, उडू शकणारी विमानं, आणि रात्री पूर्ण झोप देऊनही पुरतील इतके कॅप्टन. तिसरा आकडा कमी असेल तिथे पहिला कापावा. कंपनीचा हिस्सा पाच टक्के असो वा पासष्ट, कात्री तीच.

परवा त्या दारावर पुन्हा चिठ्ठी होती. मी भाजीची पिशवी खाली ठेवली, आणि हातानेच हळू दार वाजवून वहिनींना कोथिंबीर दिली.